रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी: श्वाल्बे मॅरेथॉन प्लस

माझी लॅबमधली ड्यूटी सकाळी सातची. कोथरूडहून कर्वे रोडने डेक्कन आणि तिथून शिवाजीनगर. त्या वेळी वाटेत एकही पंक्चरवाला उघडा नसतो, म्हणून टायर घेताना मी वेगाचा विचारच केला नाही. वेळेवर पोचवणारा टायर हवा होता. जर्मन कंपनी श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस घेतला आणि माझ्या कामासाठी तो उत्तम आहे, हे मी कुणालाही बिनदिक्कत सांगेन.

याची खरी ताकद ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार रबराच्या, खाली आहे. तिथे लवचीक रबराचा 5 मिलिमीटर जाडीचा निळा पट्टा असतो. टाचणी, स्टेपलची पिन, काचेचा तुकडा ट्रेडमध्ये शिरतो, पण ट्यूबपर्यंत पोचायच्या आत या पट्ट्यात अडकतो. परवा मागच्या टायरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी काच सापडली. हवा थोडी कमी करून टायर वाकवला, सुईने काच उकरून काढली. चिरेच्या तळाशी निळा रंग दिसत होता, ट्यूबला ओरखडाही नव्हता. अशा काचा दर आठवड्याला शोधून काढायलाच हव्यात. राहिल्या तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या आणखी आत ढकलल्या जातात. पावसाळ्यात तर जास्तच जपायचं, ओल्या रबरात काच सहज घुसते.

आता वजन. माझ्या 700 बाय 35च्या मापात (चाकाचा अंदाजे व्यास आणि टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) हा टायर साध्या टायरपेक्षा चांगलाच जड आहे. सिग्नल सुटल्यावर पहिल्या चार पेडलला ते कळतं. पौड रोडच्या उड्डाणपुलावर चढतानाही कळतं. शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जोरात मारायची असेल, तर दुसरा हलका टायर बघा. ऑफिस, भाजी, शाळा यासाठी मात्र हे वजन मला आनंदाने चालतं.

पट्टा कितीही जाड असला, तरी हवा कमी ठेवलीत तर पंक्चर होणारच. खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. त्याला कुठलाच टायर काही करू शकत नाही. टायरच्या बाजूवर हवेची मर्यादा छापलेली असते. मी आठवड्यातून एकदा घरच्या पंपाने 65 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरते. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, या जाड टायरमध्ये तो हमखास फसतो.

चढवायला टायर कडक आहे. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबत आणायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. मग बोटांनीच बसतो. लिव्हरने (टायर काढ-घाल करायच्या पट्टीने) जोर लावलात तर नवी ट्यूब तिथेच चिमटेल.

किंमत साध्या टायरच्या कित्येक पट आहे. दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी मागचा घ्या. वजन मागच्या चाकावर जास्त असतं, शिवाय आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि तो घुसतो मागच्यात. दुकानात जाण्याआधी जुन्या टायरवरचा 37-622 सारखा आकडा लिहून न्या. 622 म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, तो रिमशी जुळलाच पाहिजे. आधीचा आकडा म्हणजे रुंदी, ती वाढवणार असाल तर मडगार्डमध्ये बोट घालून जागा आहे का ते पाहा.