खिडकीवाली बटाट्याची पिशवी : गोव्यातल्या डिचोलीच्या परसातून

बटाटे लावायची ही पिशवी बरी आहे, तिच्या खोक्यावर छापलेलं मात्र खरं नाही. पाचपैकी तीन तारे देते. त्यातला एक सासूबाईंच्या दाभणाचा, त्याबद्दल पुढे येईलच.

दोन पिशव्यांची जोडी ऑनलाइन मागवली, 499 रुपयांना. जाड काळं फेल्टचं कापड, उचलायला दोन पट्टे, एकेकीत चाळीस लिटर माती मावते. आणि अंगाला खिडकी: पारदर्शक प्लास्टिकची झडप, तीन बाजूंनी वेल्क्रो. झडप उघडायची, लागतील तेवढे बटाटे काढायचे, परत लावून टाकायची, झाड जागचं हलत नाही. खोक्यावर लिहिलं होतं, 'बारा महिने, कुठेही'. ते मी मोठ्यानं वाचलं तर सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "बटाटो घाटावयलो गे. हांगा कितें जातलो तो?" (इथे कसला होणार तो?) खरंच आहे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, पण आमच्या बाजारातला बटाटा पिढ्यान्‌पिढ्या घाटावरून, बेळगावहूनच उतरतो.

तरी घातला. पहिली पिशवी तुळशीचं लग्न झाल्यावर, 18 नोव्हेंबरला. बियाणं म्हणजे बाजल्याखालच्या टोपलीत मोड आलेले चार जुने बटाटे. बाजारातून ताजे आणून लगेच पुरू नका. नवा बटाटा दोन-अडीच महिने झोपलेलाच असतो, आणि शीतगृहातल्या मालावर कधीकधी मोड येऊ नयेत म्हणून औषधही मारलेलं असतं. मी प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवून कापले, कापलेल्या बाजूला चुलीची राख लावली, दोन दिवस सावलीत ठेवले आणि मग पुरले. माती आमचीच तांबडी, निम्मं जुनं शेणखत, थोडा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. चुना मुद्दाम घातला नाही. आमची माती आंबट असते ते बटाट्याला चालतं, उलट चुन्यानं सालीवर खपल्या धरतात.

इथे पिशवीचं कौतुक करायलाच हवं. सुरुवातीला कड खाली दुमडून तळाशी वीतभर माती घातली. झाड वाढेल तशी कड वर उलगडत गेले आणि खोडाला माती चढवत गेले. परसात वाफा करून हेच करायचं तर कंबरडं मोडलं असतं. कापडातून पाणी झिरपून जातं, एकही फोड कुजली नाही. पण त्याच कापडामुळे माती सुकतेही लवकर. डिसेंबरात एक दिवसाआड पाणी पुरलं, फेब्रुवारीत रोज लागलं. बाहेरून पांढरं मीठ फुटतं, ते पुसलं की जातं.

पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. ऊन बदललं म्हणून ह्यांनी भरलेली पिशवी ओढायला घेतली आणि एक पट्टा शिवणीसकट हातात आला. ओली माती चाळीस किलोच्या वर भरते, ती दोन टाक्यांवर कशी तरेल? कंपनीला फोटो पाठवला, उत्तर आलं, 'पट्टे फक्त रिकामी पिशवी उचलण्यासाठी आहेत.' रिकामी पिशवी तर माझी सहा वर्षांची नात एका बोटावर नेते.

आता खिडकी. नातीला दिसावं म्हणून मी ती पायरीकडे, म्हणजे पूर्वेला केली होती. जानेवारीत प्लास्टिकला चिकटून पहिला बटाटा दिसला, सुपारीएवढा, पिवळट. त्या दिवशी घरात जत्रा. मग शाळेतून आल्यावर रोज झडप उघडायची, बोटानं माती उकरायची. आठवडाभरात वेल्क्रोत माती भरली आणि ती धरेना, आणि तो बटाटा हिरवा पडला. प्लास्टिकमागे आणखी तीन होते, तेही हिरवे. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो आणि सोबत सोलानिन नावाचं कडू विषही वाढतं, ते शिजवून जात नाही. ज्यानं ही खिडकी काढली त्यानं आयुष्यात बटाटा जमिनीतून काढलेला नसावा. मी पोतं लावून झाकलं, पण चार गेले ते गेलेच.

12 फेब्रुवारीला पानं पिवळी पडल्यावर पिशवी ताडपत्रीवर उलटी केली. एवढं सोपं काढणं दुसरं नाही. फावडं नाही, कापलेला बटाटा नाही. हिरवे वगळून एक किलो शंभर ग्रॅम भरले. पेरले होते साडेतीनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पातळ भाजी केली, पाव आणले, आणि सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. बोलल्या काही नाहीत.

'बारा महिने'चा निकाल दुसऱ्या पिशवीनं लावला. ती 20 जानेवारीला भरली होती. झाड पहिल्यापेक्षा उंच, हिरवंगार, शेजारीण विचारत यायची कसलं खत घातलंस म्हणून. एप्रिलात उलटी केली तर आत गोट्या, मोजून नऊ. बटाट्याला रात्रीचा गारवा लागतो. रात्री वीस अंशांच्या वर राहिल्या की गड्डे धरणं मंदावतं आणि सगळा जोर पाल्याला जातो. आमच्याकडे तो गारवा जेमतेम डिसेंबर-जानेवारीपुरता, तोही शेळ पडते त्या पहाटे. म्हणजे पेरणी नोव्हेंबरातच. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनं उष्णता सोसणारी कुफरी सूर्या ही जात काढली आहे. म्हापशाच्या बाजारात दोन शुक्रवार विचारलं, पण बियाणं मिळालं नाही. कुठे मिळालं तर कळवा.

पैशांचा हिशेब करू नका. तेवढ्या रुपयांत बेळगावचे दहा किलो आले असते.

पिशव्या मात्र टाकलेल्या नाहीत. पावसाळ्यात धुऊन माळ्यावर ठेवल्या, कापड अजून धड आहे. गेल्या रविवारी सासूबाईंनी दाभण आणि सुतळी घेऊन दोन्ही खिडक्यांवर आतून गोणपाटाचं ठिगळ शिवलं. नात रुसून बसली आहे.