पाठ आणि मूत्राशय यांचा एकत्र विचार करणारी फिजिओथेरपी: एक अभिप्राय

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार मला आहे. ब्रिटनमधील या आजाराच्या प्रौढ रुग्णांसाठीच्या एका केंद्रात मी पाठदुखी आणि खोकताना लघवी सुटणे या दोन्ही तक्रारींसाठी फिजिओथेरपी घेतली. उपचार एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, असल्याने खर्च आला नाही.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे वार्षिक तपासणीत फुप्फुसांबरोबर लघवीबद्दलही सरळ विचारले जाते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या चाचणीत, जोराने श्वास सोडताना कपडे ओले होतील या धास्तीने रुग्ण अर्धवट फुंकतो, खोकला दाबतो, पाणी कमी पितो, आणि मग कफ साचतो. हे थेरपिस्टला ठाऊक असल्यामुळे मला आडवळणाने बोलावे लागले नाही. श्वासपटल, पोटाचे खोलवरचे स्नायू, मणक्यालगतचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ (मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू) या एकाच पोकळीच्या भिंती असून वर्षानुवर्षांच्या खोकल्याचा दाब त्या सर्वांवर पडतो, हे तिने नीट समजावले. श्वास घेण्यातच हे स्नायू गुंतून राहिले की पाठीला आधार द्यायला कमी पडतात आणि पोक वाढत जातो.

खोकण्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू वर खेचून धरणे, कफ काढताना वाकून न बसता कमरेची नैसर्गिक कमान राखणे आणि छातीमागचा मणका मोकळा करणे, असा व्यायामाचा क्रम होता. शौचाला कुंथल्यानेही तळावर ताण येतो, म्हणून बद्धकोष्ठाची चौकशी झाली. पाठीला हात लावण्यापूर्वी हाडांच्या घनतेचा डेक्सा अहवाल पाहिला गेला, हे मला विशेष आवडले. आमच्या आजारात हाडे ठिसूळ होऊ शकतात आणि अचानक उठलेली तीव्र कळ मणक्याच्या अस्थिभंगाचीही असू शकते.

उणिवाही आहेत. माहितीपत्रक सगळे बाळंतपणाभोवती फिरते. मूल न झालेल्या माझ्यासारखीला ते परके वाटते, मग पुरुष रुग्णांची गोष्टच सोडा. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना परस्परांच्या संसर्गापासून दूर राहावे लागत असल्याने व्यायामाचा गटवर्ग ऑनलाइन, पडद्यावरच चालतो, आणि स्नायू खरोखर आकसतो आहे की नुसते पोट ताणले जाते आहे, हे तिथे कळणे अवघड. मूत्रविकार विभागाकडे पाठवणी झाल्यावर बरीच वाट पाहावी लागली आणि तिथे खोकल्याची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली.

2020 साली इंग्लंडमध्ये काफ्ट्रिओ हे या आजारावरचे औषध मिळू लागल्यापासून अनेकांचा खोकला कमी झाला, माझाही. तरी सर्दी झाली की तळाची परीक्षा होतेच. लघवीची तक्रार आता क्वचित उरली आहे. पाठ मात्र बराच वेळ खुर्चीत बसल्यावर अजून दुखते, आणि त्यासाठी आणखी प्रत्यक्ष भेटी मिळायला हव्या होत्या. पाचांपैकी चार गुण.