फिशटँकमधली खोटी झाडं: प्लॅस्टिक, कापडी की सिलिकॉन?

टँकसाठी खोटी झाडं घ्यायची असतील तर आधी आत कोणते मासे आहेत ते बघा. बरेच जण नेमकं उलटं करतात. रंग आवडला म्हणून झाड आणतात आणि मग फायटर माशाच्या शेपटीच्या चिंध्या का झाल्या, याचं कारण पाण्यात शोधत बसतात. पाण्याचा दोष असू शकतो, नाही असं नाही; पण आधी झाडाच्या पानांवरून बोट फिरवून बघावं.

पर्याय मुख्यतः तीन. कडक प्लॅस्टिकची झाडं, ‘सिल्क’ म्हणून विकली जाणारी पण बहुतेक वेळा पॉलिएस्टरची असलेली कापडी झाडं, आणि मऊ सिलिकॉनची.

फायटर, लांब शेपटीचे गप्पी, एंजल यांच्यासाठी माझं मत सरळ कापडी झाडांना. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पानांना कडेनं बारीक धार राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण झाडात शिरून झटक्यात वळणाऱ्या माशाच्या परांना ती पुरते. यासाठी एक जुनी, खात्रीची चाचणी आहे: नायलॉनचा पातळ पायमोजा झाडावरून ओढायचा. धागा अडकला किंवा सुटला तर ते झाड लांब परांच्या माशांसाठी बाद. फायटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वरच्या थरात एखादं रुंद पान मिळालं की त्यावर पडून राहायला त्याला आवडतं. रुंद कापडी पान तिथे चपखल बसतं.

कापडाचे तोटेही आहेतच. कालांतरानं पानांच्या कडा उसवतात आणि धागे लोंबू लागतात; ते कात्रीनं कापून टाकावेत. खरी काळजी घ्यायची ती देठाची. काही कापडी झाडांच्या देठात आकार टिकावा म्हणून तार घातलेली असते. वरचं प्लॅस्टिक फाटलं की ती गंजते. तार तांब्याची असेल तर श्रिम्प आणि गोगलगायींना धोका, कारण पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही त्यांना सोसत नाही. लोहचुंबकानं लोखंड कळेल, तांबं कळणार नाही. म्हणून देठाचं कापलेलं टोक नीट बघा, आणि आत धातू दिसला तर ते झाड घेऊच नका.

सिलिकॉन तिघांत सर्वांत मऊ. पाण्याच्या प्रवाहात डोलतंही छान. मग पहिला नंबर त्याला का नाही? एक तर आकार मोजके. दुसरं, त्यातले बरेच रंग इतके भडक असतात की तळं कमी आणि रोषणाई जास्त वाटते. तुम्हाला तेच आवडत असेल तर माशांची काही हरकत नसते. फिकट, अर्धपारदर्शक पानांवर मळ मात्र लगेच दिसतो.

गोल्डफिशचा मामला वेगळा. ते दिसेल ते तोंडात घेऊन बघतात, आणि खरी झाडं तर बिनदिक्कत खातात. इथे प्लॅस्टिकचा टिकाऊपणा कामी येतो, पण देठावर नुसती खोचलेली छोटी पानं असलेलं झाड नको. एखादं पान निघून गिळलं जाऊ शकतं. अखंड ओतलेलं, मोठ्या पानांचं झाड घ्या. गोल्डफिश झुपकेदार शेपटीचा असेल तर प्लॅस्टिक सोडून सिलिकॉनकडे वळा. सिक्लिडसारखे तळ उकरणारे मासे असतील तर पानांपेक्षा बैठक महत्त्वाची. झाडांच्या प्लॅस्टिकमध्ये पॉलिएथिलीन बरंच वापरलं जातं आणि ते पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणजे बैठक सुटली की झाड वर तरंगलंच. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड, तरी पानांत अडकलेल्या हवेमुळे सुरुवातीला तेही वर येऊ पाहतं. पाण्याखाली धरून दाबून हवा काढायची. बैठक सिरॅमिकची किंवा रेझिनची, वजनदार हवी आणि खडीत पूर्ण पुरलेली हवी. काचेला चिकटणाऱ्या रबरी चिकटकपावर (सक्शन कप) फार विश्वास ठेवू नका.

झाड कोणतंही असो, टँकमध्ये घालण्याआधी पांढऱ्या बादलीत कोमट पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा. पाण्याला रंग आला तर परत करा.

स्वच्छतेत प्लॅस्टिक निर्विवाद पुढे. शेवाळ तिन्हींवर चढतं, पण प्लॅस्टिक टूथब्रशनं खसाखसा घासता येतं. हट्टी शेवाळासाठी एक भाग साधं, बिनवासाचं ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, भरपूर धुवावं, मग क्लोरीन काढणारं औषध घातलेल्या पाण्यात बुडवून वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावं. कापडाचा रंग ब्लीचनं उडतो; ते मऊ ब्रशनं आणि टँकमधून काढलेल्या पाण्यानंच साफ करा. साबण कशालाच नको. खोट्या झाडांना उजेड लागत नाही, तेव्हा दिवा सहा-आठ तासांवर आणा, शेवाळही आटोक्यात राहील.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. खरी झाडं पाण्यातलं अमोनिया आणि नायट्रेट शोषतात, खोटी काहीच शोषत नाहीत. झाडं दाट दिसतात म्हणून पाणी बदलणं पुढे ढकलता येत नाही. खरी झाडं जगत नाहीत एवढ्याच कारणानं खोट्यांकडे वळत असाल, तर आधी अनुबियास किंवा जावा फर्न करून बघा, असं मी आग्रहानं सांगेन. दोन्हींना मंद उजेड चालतो, वेगळा कार्बन डायऑक्साइड लागत नाही आणि पानं चिवट असल्यामुळे गोल्डफिशही बहुधा त्यांच्या वाटेला जात नाहीत. दोऱ्यानं लाकडाला किंवा दगडाला बांधायची. त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं तर कुजतं. यांच्याबरोबर गोगलगायींची अंडी फुकट येऊ शकतात, हा एक हिशेब धरावा. पिल्लं वाढवायची असतील तर खरा जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं बारीक पानांचं मॉसच हवं. त्यात वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं टिपून खातात. खोटं झाड त्यांना फक्त लपायला जागा देतं.

टेट्रासारखे छोटे, आखूड परांचे मासे असतील तर फार विचार नको. मागे उंच प्लॅस्टिक, पुढे बुटकं कापडी आणि मधे पोहायला मोकळी जागा, एवढं पुरतं.

आजारी माशाच्या वेगळ्या टँकमध्ये मात्र डोळे मिटून प्लॅस्टिक, धार नसलेलं. तिथल्या मिठात आणि औषधांत खरं झाड टिकणं अवघड, आणि कापडापेक्षा प्लॅस्टिक नंतर निर्जंतुक करायला सोपं. मिथिलीन ब्लू हे निळं औषध वापरलंत तर झाड निळं पडेल, म्हणून त्या टँकचं झाड वेगळंच ठेवा.