डब्यावर पाच, आत तीन: फ्लाय रॉडचा कॉम्बो आणि तीर्थनची तयारी

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. काठी चांगली. रील चालेल. दोरी टाकाऊ. फ्लाय फिशिंग म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने मासे गरवणं. ७,४०० रुपयांच्या या फ्लाय फिशिंग कॉम्बोत जी वस्तू सगळ्यात महत्त्वाची, नेमकी तिथेच हातचलाखी केलीय. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल ऑनलाइन तीन-चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो. डब्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघा, शिलाईसुद्धा तीच.

गणपती आटोपले की मी आणि माझा भाचा हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट गरवायला निघतोय. पाच दिवस, त्यातले तीन तंबूत. माझा छपाईचा गाळा आहे लोअर परळला. जुलै-ऑगस्ट मंडळांच्या पावतीपुस्तकांत जातात, त्यामुळे तसंही आधी निघता आलं नसतं. पण त्या दोन महिन्यांत तिकडे जाऊन करायचं काय? पावसाने नदी गढूळ होते, रस्ते खचतात. २०२३ च्या जुलैत बियासने कुल्लू-मंडीत काय केलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटला बंदी, कारण तो त्यांचा अंडी घालायचा काळ. राहता राहिला सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. पाणी निवळलेलं असतं आणि थंडीही अजून अंगावर आलेली नसते.

गरवणं मला नवीन नाही. आमचे अप्पा रेवदंड्याचे. त्यांच्याबरोबर जेटीवर बसून लहानपणी शिंगाळे काढलेत, कधी नशिबाने तांबोशी. कॉम्बो घरी आला तेव्हा अप्पांनी सगळं उलटंपालटं करून पाहिलं.

"आमिष कुठाय?"

"आमिष नसतं अप्पा. ही पिसांची माशी. तीच पाण्यावर टाकायची."

"आणि मासा लागला की?"

"सोडून द्यायचा."

"म्हणजे त्याला फसवायचं, वर खायलाही काही द्यायचं नाही, आणि आपणही खायचं नाही. छान."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता काठीबद्दल. ९ फुटी, ग्राफाइटची, चार तुकड्यांची. घडी केली की जेमतेम अडीच फुटांची नळी होते, लोकलच्या रॅकवर आरामात मावते. कॉर्कची मूठ नीट घासलेली आहे, तारेच्या कड्या सरळ रेषेत बसवल्यात. या किमतीत मला एवढी अपेक्षा नव्हती. एक खोड मात्र आहे: जोड सैल पडतात. दुसऱ्याच दिवशी फेकताना वरचे दोन तुकडे सुटले आणि दोरीवर घसरत थेट शॉर्ट लेगला जाऊन पडले. तिथे उभ्या असलेल्या पोराने ते आणून दिले आणि विचारलं, "काका, अँटेना आहे का?" उपाय साधा आहे. जोडावर मेणबत्ती घासा, मग पिळून बसवा. त्यानंतर एकदाही सुटलेले नाहीत.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातलं मैदान सकाळी सहाला अर्धं रिकामं असतं. गरी काढून टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा आणि गवतावर सराव करायचा, अशी पद्धत आहे. तीन आठवडे केला. हात मागे, थांबा, हात पुढे. घड्याळातल्या दहा ते दोनच्या मध्ये काठी फिरली पाहिजे, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत धीर धरला पाहिजे. सगळं पाठ झालं, तरी दोरी दर वेळी माझ्याच पायाशी शेवयांसारखी पडायची. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही घाई करताय." मलाही तेच वाटलं. पन्नाशीनंतर हात जड होतो म्हणतात.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या नेहमीच्या गरवण्यात शिसं वजनदार असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. फ्लायमध्ये उलटं. पिसाच्या माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. ती दोरी काठीला वाकवते, वाकलेली काठी सरळ होताना दोरीला फेकते. म्हणून काठीला नंबर असतो आणि दोरीलाही, आणि दोन्ही जुळावे लागतात. माझी काठी ५ नंबरची. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरले पाहिजेत, म्हणजे ९ ग्रॅमच्या जवळपास.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कारण माझा सगळा जन्म वजन तपासण्यात गेलाय. कागदवाला सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) सांगून पासष्टचा माल टाकतो, आणि आम्ही नमुना कापून काट्यावर ठेवून त्याला पकडतो. दुसऱ्या दिवशी दोरी गाळ्यावर नेली. पॅसेजमध्ये टेप अंथरून ३० फूट मोजली आणि कात्री लावली. कापली की परत करता येणार नाही, हे कळत होतं. तरी लावली. गुंडाळी करून जीएसएमच्या काट्यावर ठेवली.

६.७ ग्रॅम.

पुन्हा शून्य करून ठेवली. ६.७. तक्त्याप्रमाणे ३ नंबरच्या दोरीचं वजन १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. डब्यावर ठळक अक्षरात पाच, आत तीन. एवढ्याशा वजनाने काठी वाकणार कशी? काठीच वाकत नाही म्हटल्यावर मी दहा ते दोन करा नाहीतर दहा ते पाच करा, शेवयाच पडणार.

विक्रेत्याला फोटोसकट मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की काठी आणि दोरी जुळवूनच दिलेली आहे, नवशिक्यांनी सराव वाढवावा. एक तारा तिथेच कापला.

नवी दोरी मिळाली मस्जिद बंदरच्या बाजूच्या एका जुन्या दुकानात. दुकान म्हणजे सहा फुटी फळकुट. समोर समुद्रातल्या मासेमारीचं सामान: ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पॉपर म्हणजे पाण्यावर उडणारी खोटी आमिषं, तीन तोंडांच्या गऱ्या, हाताएवढी शिसं. फ्लायचं काही दिसलं नाही. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "पानी कैसा है? ठंडा? छोटा नदी?" मग म्हणाले, "मंगाना पडेगा. फ्लोटिंगही लेना, और नंबर एक भी कम मत लेना." नऊ दिवसांत आली, २,९०० रुपये. बाइंडिंगवाल्या पोराला बाकीची दोरी वर धरायला लावून पहिले ३० फूट काट्यावर ठेवले. ९.२. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्याच फेकीत लोकर जवळजवळ खेळपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन हळूच बसली. स्लिपमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दुकानातून टोकाचा बारीक नायलॉन घेतला. पुस्तकात ५एक्स म्हणतात, म्हणजे जाडी साधारण ०.१५ मिलिमीटर. मालकांकडे ०.१६ होता, १२० रुपयांत. एक्सच्या नावाने विकला की तोच चौपट होतो. दुकानात कार्ड चालत नाही आणि दुपारी दीड ते तीन मालक जेवायला जातात. तरीही पूर्ण पाच तारे.

कॉम्बोतल्या पिसांच्या बारा माश्यांपैकी सात वापरण्यासारख्या. अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस (ही माश्यांच्या नमुन्यांची नावं) ठीक बांधलेल्या आहेत. फेझंट टेल नमुन्याच्या एका माशीचा दोरा बोट लावताच उकलला. सगळ्या गऱ्यांना टोकामागे उलटा दात आहे, तो बारीक पकडीने दाबून टाकला. मासा सोडायचाच असेल तर त्याचं तोंड फाडून कशाला सोडायचा.

रीलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोरी भरून ठेवायची पेटी आहे, करकर वाजते.

तंबू भाड्याने नाही, विकत घेतला, दोन माणसांचा, दोन थरांचा, ५,२०० रुपये. त्यावर लिहिलंय २००० मिलिमीटर वॉटरप्रूफ, म्हणजे कापड तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसेल. मुंबईत राहून हे तपासायला कुठे जायची गरज नाही. जुलैच्या मध्यावर सोसायटीच्या गच्चीवर लावला. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून रंगाचे चार रिकामे डबे पाण्याने भरून दोऱ्या त्यांना बांधल्या. रात्री अकराला सुरू झालेला पाऊस पहाटे चारपर्यंत कोसळला आणि मी आत टॉर्च घेऊन बसलो होतो. छतातून एक थेंब नाही. कापड खरंच पक्कं आहे. पण डोक्याकडच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे तीन शिलाया एकत्र येतात आणि आतली पट्टी अर्धा इंच कमी पडलीय, तिथून पाणी झिरपायला लागलं. सकाळपर्यंत उशी ओली. कंपनीने बदलून द्यायची तयारी दाखवली, पण नवा येईपर्यंत ऑक्टोबर उजाडेल. म्हणून सीम सीलर (शिलाईची भोकं बुजवणारं द्रव) आणून आतून दोन हात मारले.

तंबू लावायच्या जागेबद्दल भाच्याशी माझं भांडण झालंय आणि ते मी जिंकलोय. त्याला फोटोसाठी अगदी पाण्याला लागून हवा होता. तीर्थन पुढे लारजीला बियासला मिळते. २०१४ च्या जूनमध्ये लारजीच्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, नदीत उभे राहून फोटो काढत होते. आम्ही त्या धरणाच्या वरच्या अंगाला असणार, हे खरं. पण डोंगरात वर कुठेतरी पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. तंबू गुशैणीजवळ होमस्टेवाल्याच्या सफरचंदाच्या बागेत लागणार, नदीपासून चांगला उंच. फोटो त्याने दुसऱ्यांचे बघावेत.

स्लीपिंग बॅग दोन, भाड्याने, ट्रेकिंगचं सामान देणाऱ्या एका सेवेकडून. दिवसाला ६० रुपये, घरपोच. बॅगेवर शून्य अंश लिहिलंय, पण लेबल नीट वाचा: तो आकडा जीव वाचण्याचा आहे, झोप लागण्याचा नाही. आरामाचा आकडा बारीक अक्षरात वेगळा असतो, आमच्या बॅगेचा ९ आहे. सप्टेंबरअखेर तिथे रात्री दहा-बारा अंश धरून चाललोय, म्हणजे कसंबसं भागेल. वास मात्र मागच्या भाडेकरूचा होता. दोन दिवस उन्हात टाकल्यावर गेला. याच सेवेने गॅसचं कार्ट्रिज ट्रेनमधून न्यायला सांगितलं, "सगळे नेतात साहेब" म्हणून. ट्रेनमध्ये चालत नाही आणि विमानात तर मुळीच नाही, त्यामुळे स्टोव्ह घेतलाच नाही. जेवण होमस्टेवाल्याकडे, राजमा-भात ठरलाय. तीन तारे.

आम्ही राजधानीने दिल्ली आणि तिथून रात्रीच्या मनालीच्या बसने औटला उतरणार. पुढे बंजारमार्गे टॅक्सी. मत्स्यविभागाचा परवाना तिकडे गेल्यावर काढायचाय, होमस्टेवाला बरोबर येतो म्हणालाय.

कॉम्बो घ्यायचाच असेल तर काठीसाठी घ्या आणि दोरीचे तीन हजार पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा. अडीच तारे. तंबूला साडेतीन, पण ते कच्चे आकडे. सीलर लावून आज बारा दिवस झाले आणि विक्रोळीत एक सर धड पडलेली नाही. तंबू अजून गच्चीवरच आहे. सेक्रेटरी रोज जिन्यात गाठून विचारतात, "कधी उतरवताय?" मी रोज आभाळाकडे बघतो.