बँकेचा इंजिनीयर की आपला?

गृहकर्ज काढून गोव्यात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधत असाल, तर बँकेचा माणूस जोते, लिंटल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर येतोच. मग पदरचे पैसे घालून वेगळा इंजिनीयर कशाला, असं कंत्राटदार हमखास विचारतो.

बँकेचा माणूस काय बघतो? दिलेल्या पैशांएवढं काम उभं आहे का, एवढंच. फोटो, अहवाल, पुढचा हप्ता. तो बहुतेक वेळा स्लॅब पडल्यावर येतो, आणि तोवर सळी काँक्रीटच्या पोटात गेलेली असते.

आपला इंजिनीयर मात्र स्लॅबच्या आदल्या दिवशी हवा. सळ्यांमधलं अंतर मोजायला, खाली कव्हर ब्लॉक (सळी उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) आहेत की चिऱ्याचे तुकडे सारलेत हे बघायला. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सौम्य हवामानात कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, किमान 20 मिमी, समुद्राच्या तुषारांच्या थेट माऱ्यात 50. मोरजी-कळंगुटकडे खारा वारा सळीला सोडत नाही, तिथे ही तपासणी टाळणं महागात पडतं. सांगे-केपेकडे खारं कमी, पण पाऊस तोच.

पैशाचं म्हणाल तर बँकेच्या टप्प्यांना कंत्राटदाराचे टप्पे जुळवून घ्या, पण हप्ता सोडायचा तो आपल्या इंजिनीयरच्या सहीनंतरच, असं करारात लिहा. शेवटचे पाच-दहा टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

खर्च आवरायचाच असेल, तर इंजिनीयर फक्त पाया आणि स्लॅबला बोलवा. रंगाला नको.