खडूऐवजी पेन टॅब्लेट: सहा सत्रं वापरून झाल्यावर

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मी विद्यापीठात गणित शिकवते. त्यातली वीसेक वर्षं फळ्यासमोर गेली. ऑनलाइन शिकवायला मी तयार नाही, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मीही ते कधी लपवलं नव्हतं. आता मी आठवड्यातले दोन तास ऑनलाइन घेते, तेही स्वतःहून मागून घेतलेले. मधल्या काळात माझे विचार फारसे बदलले नाहीत. टेबलावर ही पाटी आली, एवढाच काय तो फरक.

पाटीच म्हणते मी हिला. या पेन टॅब्लेटला पडदा नसतो. काळी, सपाट, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची, सोबत एक पेन. पेनात बॅटरी नाही, पाटीच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच त्याला लागेल तेवढी ऊर्जा मिळते, त्यामुळे ऐन तासात पेन चार्ज करायची वेळ येत नाही. माझी पाटी लहान आहे, लिहायची जागा साधारण ६ बाय ४ इंच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या आकाराच्या सगळ्या पाट्या थोड्याफार फरकाने सारख्याच, आणि माझ्या तक्रारीही सगळ्यांना लागू पडतील अशाच आहेत.

मार्च २०२० मध्ये जगभरातले वर्ग एकदम बंद झाले तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं की स्लाइड करा. केल्या. सातत्याची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या (एप्सिलॉन आणि डेल्टा ही त्यातल्या दोन छोट्या अंतरांची नावं) आणि तिच्यावरची एक सिद्धता, सगळी नीट टाइप करून. तास सुरू झाला, स्लाइड उघडली आणि पहिली ओळ वाचायच्या आत मुलांची नजर शेवटच्या ओळीवर पोचली होती. फळ्यावर सिद्धता उगवते. डेल्टा किती घ्यायचा हे आपण आधी मोकळं सोडतो, खाली काम करतो, मग वर जाऊन तिथे ‘एप्सिलॉन भागिले तीन’ लिहितो. तो वर जाणारा हात दिसला नाही, तर मुलांना वाटतं तीन आकाशातून पडला. स्लाइडवर तो आकाशातूनच पडतो.

माउसने लिहून पाहिलं. इंटिग्रलचं चिन्ह काढलं, ते मेलेल्या गांडुळासारखं दिसलं. फोन स्टँडला लावून खाली कागद ठेवला, तर अर्धा वेळ माझ्या मनगटाचंच प्रक्षेपण. याच सुमारास आम्हाला तीन कार्यशाळा घडवण्यात आल्या. प्रश्नमंजुषा कशी लावायची, हजेरी कशी उतरवायची, ब्रेकआउट रूम, म्हणजे ऑनलाइन वर्गाचे छोटे गट, कशा पाडायच्या. प्रशिक्षक भला माणूस होता. ‘लिहायचं कुठे?’ असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने मला टेक्स्ट बॉक्स दाखवला.

मग प्रश्नावली आली. ‘मी ऑनलाइन अध्यापन स्वीकारण्यास इच्छुक आहे’, पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत पाच गोल. मी मधल्या गोलावर खूण केली. ‘आधी लिहायला जागा द्या’ असा सहावा गोल नव्हता.

व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं की असल्या प्रश्नावल्यांचं मूळ जुनं आहे. १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस या संशोधकाने मांडलं की माणूस नवं तंत्र उचलतो ते मुख्यतः दोन गोष्टी पाहून: हे मला उपयोगी पडेल का, आणि हे वापरायला सोपं जाईल का. २००३ मध्ये वेंकटेश, मॉरिस आणि डेव्हिस आडनावाचे दोघे (एक हेच फ्रेड) यांनी त्यात आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि मदतीची सोय या बाबीही आणल्या. मला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे इच्छा ही काही स्वभावात भरलेली वस्तू नव्हे, ती हातात काय दिलंय यावर बरीच ठरते. आमच्याकडे बैठकांमध्ये मात्र ‘ज्येष्ठांची मानसिकता’ हाच विषय चालायचा.

पाटी मी स्वतःच्या पैशाने घेतली. विभागाकडे अर्ज केला होता. तो कुठल्या तरी टेबलावर अजून असेल.

पहिले दोन आठवडे वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते. हात खाली, अक्षर वर पडद्यावर. नजर हातावर ठेवली की काहीच दिसत नाही आणि पडद्यावर ठेवली की हात भरकटतो. पहिलीतल्या मुलासारखी रोज दहा मिनिटं गिरवत होते. आठव्या की नवव्या दिवशी अचानक जमलं, सायकलचं जमतं तसं.

पण पहिल्या तासाला फजिती झालीच. युनिट सर्कल, म्हणजे एक त्रिज्येचं वर्तुळ, काढलं. एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे लंबवर्तुळ आहे का?” मी पुन्हा काढलं, पुन्हा अंडं. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं गुणोत्तर वेगळं, म्हणून प्रत्येक आकृती आडवी ताणली जात होती. गणिताच्या बाईला हे उमगायला तास संपावा लागला, ही लाज वेगळीच. ड्रायव्हरच्या, म्हणजे पाटी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो. तो निवडला की पाटीची एक पट्टी वाया जाते, पण वर्तुळ वर्तुळ राहतं. दोन पडदे जोडले असतील तर पाटी एकाच पडद्याला बांधून घ्या, नाहीतर ती दोन्हींवर पसरते आणि एका पडद्यावर लिहायला पाटीचा एक तुकडाच उरतो.

आणखी एक. विंडोजवर पेन टेकवून क्षणभर थांबलं की टोकाभोवती एक कडं उमटतं आणि राइट क्लिकचा मेन्यू उघडतो. गणितात माणूस पेन टेकवून थांबतोच, विचार करायला. ही सोय बंद करा. माझी दशांश चिन्हं गायब व्हायची तीही त्यानंतर दिसू लागली. हे एवढं कार्यशाळेत दहा मिनिटांत सांगून झालं असतं.

बाकी जाहिरातीतल्या आकड्यांकडे फार बघू नका. पेनाच्या दाबाच्या ८१९२ पातळ्या चित्रकाराला लागत असतील. मला जाड आणि बारीक एवढं पुरतं. पडदा असलेला टॅब्लेट घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. तो सोपा जातो हे खरं, पण महाग पडतो, आणि मान खाली घालून शिकवताना कॅमेऱ्यात फक्त आपला भांग दिसतो.

लिहायला मी ओपनबोर्ड नावाचं फळ्याचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे. पानामागून पान उघडता येतं, पीडीएफवर लिहिता येतं आणि तास संपला की सगळ्या पानांची पीडीएफ निघते. खऱ्या फळ्यावर पुढचं लिहायला मागचं पुसावं लागायचं. आता चाळीस मिनिटांपूर्वीचं गृहीतक दाखवायला मी मागे जाते आणि तिथेच लाल शाईने गोल करते. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीत ही पाटी फळ्याच्या पुढे आहे.

रेकॉर्ड केलेल्या तासांबद्दल मात्र माझा हट्ट मोडला. मी पूर्ण तासाची ध्वनिचित्रफीत टाकत होते, कोणी शेवटपर्यंत बघत नव्हतं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर फिती पाहिल्या गेल्याच्या ६९ लाख नोंदींचा २०१४ मधला एक अभ्यास आहे. त्यात सहा मिनिटांपेक्षा छोट्या फितींमध्ये मुलं जास्त रमतात असं आढळलं, आणि हाताने लिहीत समजावलेल्या फिती स्लाइडच्या फितींपेक्षा जास्त धरून ठेवतात असंही. दुसरं वाचून मी खूश झाले, पहिलं वाचून नाही. आता मी एक प्रमेय, एक फीत असं करते. आठ-नऊ मिनिटं होतातच, त्याला इलाज नाही.

जे या पाटीला जमत नाही ते सांगायलाच हवं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाच्या भुवया बघून मी ओळ पुन्हा समजावत असे. इथे पस्तीस काळे चौकोन आणि त्यांत नावाची आद्याक्षरं. ‘समजलं का?’ विचारलं की शांतता, आणि ती शांतता समजल्याची की झोपल्याची, ते कळायला मार्ग नाही. मी एक सवय लावून घेतली आहे: सिद्धतेत मुद्दाम एक चूक करायची आणि थांबायचं. कोणी बोललं तर वर्ग जागा आहे. पण खरीच चूक झाली तरी आता मुलं गप्प बसतात, त्यांना वाटतं मॅडम मुद्दाम करतायत.

तर पाचपैकी चार तारे. एक तारा पेनाच्या टोकाचा कापला. पाटीचा पृष्ठभाग कागदासारखा खरखरीत ठेवतात, त्यामुळे लिहायला छान वाटतं, पण टोक भराभर झिजतं. माझ्यासारखी दाबून लिहिणारी असेल तर एका सत्रात दोन टोकं जातात. खोक्यात सुटी टोकं किती येतात ते घेण्याआधी बघा.

आमच्या विभागातले एक सर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, ऑनलाइनचं नाव काढलं की उठून जायचे. गेल्या महिन्यात माझी पाटी ‘दोन दिवस बघायला’ घेऊन गेले. तीन आठवड्यांनी परत केली. म्हणाले, “ठीक आहे, पण आपल्याला काही जमणार नाही हे.” पेन हातात घेऊन पाहिलं, तर नवं घातलेलं टोक एका बाजूने पार तिरकं झिजलं होतं.