रेकॉर्डर मोबाईलवर बघायचाय: पोर्ट फॉरवर्डिंग की व्हीपीएन?

इंदूरच्या लोकमान्य नगरात कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर बसवणारा बरेचदा जाताजाता राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून देतो, म्हणजे इंटरनेटवरून थेट रेकॉर्डरपर्यंत वाट उघडतो. पुण्यातल्या मुलाला आईबाबांचं अंगण लगेच दिसतं. सोय खरी, पण लॉगिनचं तेच पान जगात कुणालाही उघडतं, आणि अशी पानं हुडकणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने कंपनीचे मूळ पासवर्ड टाकून लाखो उपकरणं ताब्यात घेतली, त्यांत रेकॉर्डर आणि कॅमेरे भरपूर. त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसुद्धा अडखळलं. पासवर्ड बदललात तरी फर्मवेअरमध्येच (रेकॉर्डरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्रुटी असेल तर लॉगिनशिवाय आत शिरता येतं. बऱ्याच जुन्या मॉडेलना तर अपडेटही मिळत नाहीत.

व्हीपीएन म्हणजे फोनपासून घरच्या राउटरपर्यंतची कुलूपबंद वाट. पोर्ट फॉरवर्ड काढून ते लावलं की रेकॉर्डर बाहेरून दिसतच नाही. आधी फोन घरच्या राउटरशी जोडायचा, मग चित्र. राउटरमध्ये ती सोय हवी, त्याचे अपडेटही वेळेवर करायला हवेत. एक बटण जास्त दाबावं लागतं, एवढाच त्रास.

माझं मत ठामपणे व्हीपीएनला. मात्र राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर रेकॉर्डर तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडू शकतो.